शिळं पाणी

2019 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी दौंड तालुक्यातला, मुठा कालव्यावरचा शेतकरी. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता. कालवा कोरडा, विहिरीनं तळ गाठलेला, आणि जनावरांच्या पाण्याची सोय लावता लावता जीव मेटाकुटीला आलेला. अशात आक्का आजारी आहे असं कळलं म्हणून केडगावहून सकाळची शटल धरली आणि कसबा पेठेत तिच्या घरी पोचलो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. 1969 साली लग्न होऊन कसब्यातल्या वाड्यात आली, ती तिथलीच झाली.

मी दारात चपला काढतोय तोवर नळ आला. आक्का गुडघ्यावर हात देऊन उठली, पिण्याचा तांब्याचा हंडा मोरीपर्यंत सरकवला आणि आडवा केला. भडभडा पाणी गेलं. मग कळशी आडवी केली. मग तांब्या. मी बघतच राहिलो. आमच्या घरी त्या महिन्यात एवढ्या पाण्यात दोन म्हशींची एक वेळ भागत होती.

"आक्का, का गं ओतलंस?"

"शिळं झालं ते. नळ आला की ताजं भरायचं."

"धरणात ते आठ-दहा महिने पडून होतं. तिथं शिळं झालं न्हाई, आन् तुझ्या हंड्यात एका रात्रीत झालं व्हय?"

आक्का हंडा चिंचेनं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि तू रात्रभर उसाला पाणी पाजतोस, तवा ऊस ढेकर देतो म्हणून थांबतोस का पाळी संपली म्हणून थांबतोस?"

मी हसलो. पण ते बोलणं मला लागलं. का लागलं ते पुढं सांगतो, कारण ते सांगायला मला अजूनही जरा जड जातं.

कसब्यातला तो वाडा मला नवा नव्हता. दहावी झाल्यावर, 1977-78 ला, मी वर्षभर तिथं राहिलो होतो. नोकरी मिळेल या आशेनं आलो होतो, ती काही मिळाली नाही, पण पुणं बघून झालं. दाजी खडकीच्या कारखान्यात होते. वाड्यात बारा बिऱ्हाडं. चौकात एकच नळ, कोपऱ्यात एक विहीर. सकाळी पाचपासून नळापाशी भांड्यांची रांग लागायची. तांबट आळी जवळच, त्यामुळं ज्याच्या त्याच्या घरी तांब्या-पितळेची भांडी, आणि कुणाचा हंडा कुणाचा हे पोच्यावरनं ओळखू यायचं. दिवसभर आळीतून ठोक्यांचा आवाज यायचा. सुरुवातीला माझं डोकं उठायचं, नंतर तो आवाज थांबला की चुकल्यासारखं व्हायचं.

त्या काळी कुणी पाणी ओतून देताना मी पाहिलं नाही. कसं ओतणार? चौकातून दुसऱ्या मजल्यावर, अंधाऱ्या जिन्यानं, भरलेला हंडा कमरेवर घेऊन चढायचं. आक्काच्या कमरेला त्या हंड्याचा घट्टा पडला होता. जे कमरेवरनं आणलं ते माणूस मोरीत ओतत नाही. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तांदूळ धुतलेलं खालच्या म्हशीवाल्याच्या बादलीत. पुढं घराघरात नळ आला. चांगलंच झालं, बायकांची कंबर सुटली. पण त्याबरोबर पाण्याचं वजन गेलं. मला वाटतं शहराला पाणी किती लागतं हे कळायचं बंद झालं ते त्या दिवसापासून. आमचंही तेच आहे म्हणा. माझ्या वडलांनी मोट हाकली. मोटेवर जेवढं भिजायचं तेवढंच पेरायचं. मी बटण दाबतो.

आक्काच्या सासूबाई तेव्हा हयात होत्या. संध्याकाळी चौकात बसून त्या पुराचं सांगायच्या. 12 जुलै 1961. पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. कसबा नदीच्या काठचा, त्यामुळं सखल भागात घरंच्या घरं गेली. पुराच्या गोष्टी सगळेच सांगतात. सासूबाई सांगायच्या ती त्याच्या पुढची. पूर ओसरला आणि नळाला पाणी नाही. येणार कुठून? धरणंच उरलं नव्हतं. दाराच्या अंगाला चिखल, भिंतींना ओल, रस्त्यानं पाण्याच्या खुणा, आणि प्यायला थेंब नाही. तेव्हा वाड्यातल्या गड्यांनी त्या कोपऱ्यातल्या विहिरीत उतरून गाळ काढला. तीन दिवस काढत होते. पाणी उपसून टाकलं, पुन्हा झरे लागले, मग पोटॅश टाकून, गाळून, उकळून ते प्यायलं. शेजारच्या दोन वाड्यांतली माणसंही तिथंच भरायची. "ज्या विहिरीकडं आम्ही दहा वर्षं ढुंकून बघितलं नव्हतं, तिनं जगवलं," असं त्या म्हणायच्या, आणि हात जोडायच्या. देवाला नाही, विहिरीच्या दिशेला.

मला तेव्हा ते एवढं समजलं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला काय समजणार. पुरातून काय वाहून गेलं हेच मी विचारायचो.

पुण्याच्या पाण्याची हकीकत तशी फार जुनी आहे. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजला तलाव बांधला आणि दगड-चुन्याच्या नळातून पाणी पार शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही, निव्वळ उतारावर. मध्ये मध्ये हवेला वाट म्हणून उच्छ्वास ठेवले. त्या पाण्यावर शहरात हौद झाले. काळा हौद, फडके हौद ही नावं आपण आजही चौकाची नावं म्हणून घेतो. कसब्यातून मंडईकडं जाताना फडके हौदावरनं मी शंभरदा गेलो असेन, पण "हौद" या शब्दाकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

आणि तिथनं थोड्याच अंतरावर गंज पेठेत जोतिबा फुल्यांचा वाडा. 1868 साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हे आम्ही शाळेत शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण मोठेपणी विचार केला तेव्हा ध्यानात आलं की पेठांत हौद होते, पाणीही होतं, तरी गावातली कितीतरी माणसं तहानलेली होती. पाणी किती आहे हा एक हिशोब, आणि ते कुणाच्या घागरीत जाऊ द्यायचं हा दुसरा. दुसरा हिशोब चुकला असला की पहिला कितीही जुळवा, उपयोग होत नाही.

आमचंच बघा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारी धरणांत मिळून साधारण 29 टीएमसी पाणी साठतं. एक टीएमसी म्हणजे 2,800 कोटी लिटरच्या वर. खडकवासला 1879 साली पुरं झालं ते शेतीला आणि पुण्याला, दोघांनाही पाणी द्यायचं म्हणून. आज कालवा हवेलीतून निघून दौंडवरून इंदापूरपर्यंत जातो. पुणं वाढलं, त्याची तहान वाढली. शहराला वर्षाला साडेअकरा टीएमसी असा करार झाला, आणि त्या बदल्यात शहरानं साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत द्यायचं ठरलं. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधली, तिथनं ते पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडतात. कागदावर फार चांगली गोष्ट आहे. एकाच पाण्यानं आधी माणसाची तहान भागावी, मग पिकाची. पण प्रत्यक्षात शहर उचलतं त्या साडेअकरापेक्षा कितीतरी जास्त, आणि परत येतं त्याला कधी कधी असा वास येतो की दारं धरायला गेलेला माणूस नाकाला उपरणं बांधतो. दर साली कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की आम्ही म्हणायचं, पुण्यानं आमचं पाणी पळवलं, आणि पुण्यानं म्हणायचं, प्यायचं पाणी आधी.

प्यायचं पाणी आधी, हे मलाही मान्य आहे. पण मोठ्या शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटरचा नियम आहे आणि खेड्यातल्या घराला नळ देणाऱ्या योजनेत माणशी 55 लिटर धरतात. खेड्यातला माणूस काय कमी घामाचा असतो? त्यातही पुण्यातलं पुष्कळ पाणी नळापर्यंत पोचायच्या आधीच जमिनीत गळतं. ती गळती शोधायला मीटर बसवायचं, टाक्या बांधायचं काम समान पाणीपुरवठा योजनेत चालू आहे. 2018 च्या सप्टेंबरात तर दांडेकर पुलापाशी कालव्याची भिंतच फुटली. आमच्या रब्बीचं पाणी गरिबांच्या घरांत शिरलं, त्यांचे संसार वाहून गेले, आणि घुशी-खेकड्यांनी पोखरला असं कारण ऐकायला मिळालं. खेकड्यानं आपली बाजू मांडायला वकील दिला असता तर बरं झालं असतं.

तर हे सगळं मी त्या दिवशी आक्काला ऐकवणार होतो. पण तिच्या त्या एका वाक्यानं माझी जीभ टाळ्याला चिकटली. आता ते सांगतो.

त्याच वर्षीचं उन्हाळी आवर्तन. समितीत एकच आवर्तन मिळणार असं ठरलं होतं. आम्ही नमुना नंबर सातचे अर्ज भरले, पाटकऱ्यानं पाळ्या लावल्या. माझी पाळी रात्री एक ते पहाटे पाच. माझ्या खाली चारीला चार शेतकरी, आणि अगदी टेलला एक म्हातारा. दीड एकर रान, त्यात कांदा. त्याची पाळी माझ्यानंतर चौथी. मी चार तास पाणी घेतलं. ऊस भिजला होता. सरी तुडुंब होती. पाच वाजले, मी दार लावलं, आणि माघारी निघालो. मग थांबलो. पुढचं आवर्तन येईल न येईल, कुणी बघितलंय? परत गेलो आणि दार अर्धं उचललं. उजेड पडेस्तोवर उसात पाणी चालू होतं. ऊस काही तेवढं पाणी पिणार नव्हता, ते खाली मुरून जाणार हे मला कळत होतं. माझ्या खालच्यानंही आपल्या वेळेपेक्षा जास्त घेतलं असणार, त्याच्या खालच्यानंही. टेलपर्यंत गेली ती पाण्याची नुसती ओल. कालवा बंद झाला. म्हाताऱ्याचा कांदा एका पाळीनं गेला. एकच पाळी हवी होती त्याला.

आक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपली सहज बोलून गेली.

त्या रात्री वाड्यात मला झोप आली नाही. मला कळेना, आक्कात आणि माझ्यात फरक काय? ती हंडा ओतते कारण आज नळ आलाय. मी सरी भरतो कारण आज कालवा आलाय. लोक म्हणतात माज आला म्हणून माणूस पाणी नासतो. असेलही. गाड्या धुणारे, लॉनवर नळ सोडून देणारे मीही बघितलेत. पण आक्काला कसला माज? मला कसला? मी जे जास्तीचं पाणी घेतलं ते भीतीपोटी. उद्या मिळणार नाही, आणि मी सोडलेलं माझ्या उपयोगी पडणार नाही, दुसराच कुणी पळवील, या भीतीपोटी. आणि आक्काला वाटतं उद्या नळ येणारच, म्हणून आजचं शिळं. एकीचा उद्यावर पुरा भरवसा, एकाचा मुळीच नाही, आणि दोघांचं पाणी मोरीतच गेलं.

पाणी वाचवा, पाणी वाचवा असं सगळीकडं लिहिलेलं असतं. एसटीच्या पाठीवर असतं, शाळेच्या भिंतीवर असतं. पण वाचवलेलं पाणी जातं कुठं हे कुणी लिहीत नाही. आक्कानं उद्यापासून दोन हंडे वाचवले तर ते माझ्या म्हशींना मिळतील का? की बाणेरच्या नाहीतर वाघोलीच्या नव्या टॉवरला जातील? तिला तसं कुणी सांगितलंय का? मी पैसे वाचवले तर पासबुकात दिसतात. पाण्याचं पासबुक नाही. मग माणूस नुसत्या पुण्याईवर किती दिवस वाचवील?

आणि हिशोब दिसला तरी माणूस सुधारतोच असंही नाही, हेही माझ्याच शेतावरनं सांगतो. 2021 ला मी ठिबक केलं. अनुदान मिळालं, थोडं कर्ज काढलं. पाणी खरंच वाचलं. विहीर जी दोन तासात आटायची ती चार तास चालायला लागली. गावात माझं कौतुक झालं. आणि मी काय केलं? वाचलेल्या पाण्यावर पलीकडच्या जिराईत तुकड्यात एक एकर ऊस वाढवला. म्हणजे वाचवलं ते मीच पिऊन टाकलं. टेलच्या म्हाताऱ्याकडं एक थेंब गेला नाही. शहरालाही मी हेच करताना बघतो. गळती थांबली की नव्या इमारतींना परवानगी. शहराला नावं ठेवायचं तोंड मला कुठं उरलंय?

आमच्या वस्तीशेजारी एक धरणग्रस्त कुटुंब आहे. पानशेत खोऱ्यातून पुनर्वसनात आलेलं. त्यांचे आजोबा बोलायचे कमी. एकदा पारावर पुण्याला शिव्या देणं चाललं होतं, मीही पुढं होतो. आजोबा ऐकत बसले होते. शेवटी म्हणाले, "तुमचं आन् पुन्याचं भांडण ज्या पान्यावरनं चाललंय ना, त्याच्याखाली माजं घर हाये." पारावर कुणी काही बोललं नाही. तंबाखू मळायचा आवाज तेवढा आला.

त्याच साली वाड्याचा पुनर्विकास ठरला. आता कसब्याच्या पोटातून मेट्रो धावते, जुने वाडे एकेक करून पडतायत, त्यात आश्चर्य नाही. वाडा खरंच मोडकळीला आला होता, जिना हलायचा, पावसाळ्यात आक्काला रात्रभर धास्ती. दिवाळीनंतर मालक, बिल्डर आणि भाडेकरू अशी बैठक झाली. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही चला. तुम्हाला जमिनीचं कळतं." मी म्हणालो, मला काळ्या जमिनीचं कळतं, फरशीखालच्या नाही. तरी गेलो.

नकाशात विहिरीच्या जागी दोन गाड्यांचं पार्किंग होतं. विहीर बुजवायची. पावसाचं पाणी जिरवायचा नियम आहे, तो पाळायला कोपऱ्यात एक खड्डा दाखवला होता. तो खड्डा बघून मला हसू आलं. आमच्याकडं शेळीला पाणी पाजायला त्याहून मोठी डोणी असते. मी विचारलं, विहीर आहे ती ठेवून गच्चीचं पाणी तिच्यातच का सोडत नाही? बिल्डरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "काका, दोन गाड्यांची जागा जाते. तिची किंमत माहितेय का?" भाच्यानं मोबाईलवर हिशोब केला. गच्ची दोन हजार चौरस फूट. पुण्याचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास धरला तर सव्वा लाख लिटर. निम्मं वाया गेलं समजा, तरी साठ-पासष्ट हजार. मग त्यानंच पुढं केलं: पंचेचाळीस माणसं, माणशी 135. दिवसाला सहा हजार. त्यानं मोबाईल ठेवला. "मामा, दहा दिवसांचं पाणी आहे हे. दहा दिवसांसाठी दोन गाड्यांची जागा?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला बोलायला येत नाही असं नाही, पण त्या वेळी माझ्या डोळ्यापुढं तो कांदा आला. मी म्हणालो, "मी एका माणसाचं एका पाळीचं पाणी चोरलं या उन्हाळ्यात. त्याचं वर्ष गेलं. दहा दिवस म्हणजे किती ते तुम्ही मला विचारू नका."

हे मी बोलणार नव्हतो. निघून गेलं तोंडातून. आक्का माझ्याकडं बघत राहिली. भाचाही. मग आक्कानं सासूबाईंचं 1961 चं सांगितलं. ती काही वक्ता नाही, पण त्या बारा बिऱ्हाडांतल्या चार-पाच घरांत ती गोष्ट आपापल्या म्हाताऱ्यांकडनं आलेली होती. एकानं सांगितलं, आमच्या आजोबांनी गाळ काढला होता. दुसरा म्हणाला, आमच्याही. शेवटी मालकानंच एका गाडीची जागा सोडली, एका गाडीची आम्ही सगळ्यांनी मिळून कमी केली. निम्म्यांचं तोंड वाकडं होतं. मिळकतकरात सवलत मिळते हे कुणीतरी काढलं तेव्हा ती तोंडं जरा सरळ झाली.

गावी आल्यावर मी टेलच्या म्हाताऱ्याकडं गेलो. कसब्यात बारा बिऱ्हाडांपुढं कबूल केलं आणि ज्याचं नुकसान केलं त्याला सांगितलं नाही, हे बरं दिसत नव्हतं. तो गोठ्यात बसून दावं वळत होता. मी सगळं सांगितलं. तो दावं वळतच राहिला. "ठावं हाये मला," म्हणाला. "चिखलातल्या पायावरनं कळतंय की. पर तुमच्या खाली आनि तिघांचं पाय हुतं." मी कांद्याच्या नुकसानीचे पैसे देऊ केले. घेतले नाहीत. पुढच्या आवर्तनाला मी पाचला दार लावलं आणि घरी गेलो. नंतर त्या तिघांनी काय केलं ते मी बघायला थांबलो नाही. थांबायला हवं होतं असं आता वाटतं. 2021 चा तो वाढीव ऊस मात्र मी त्यानंतरच लावला, हेही लिहायला पाहिजे.

इमारत व्हायला चार वर्षं गेली. आक्का आता तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टनं जाते. विहिरीवर लोखंडी जाळी आहे. गच्चीवरचा पाईप आधी एका टाकीत येतो, तिच्यात खडी, वाळू, कोळसा असे थर मी स्वतः उभं राहून भरून घेतले. पहिल्या पावसाची घाण बाहेर सोडायला वेगळा नळ ठेवलाय, तो उघडायचं काम भाच्याकडं.

आणि पाऊस तरी आता कुठं पहिल्यासारखा ओळखीचा राहिलाय? मृगात पेरणी, आर्द्रात पाऊस, हत्तीला गडगडाट, हे आम्ही तोंडपाठ केलं होतं. 2019 च्या त्याच कोरड्या सालात सप्टेंबरात पुण्यात एका रात्रीत आंबील ओढ्याला असा पूर आला की माणसं गेली. 2023 चा ऑगस्ट कोरडा ठाक गेला. 2024 च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर घरांत पाणी. आणि 2025 च्या मे महिन्यात, जेव्हा आम्ही कांदा काढून रानात पसरतो आणि उन्हाला नावं ठेवतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यात आमच्या दौंडला, बारामतीला, इंदापूरला असा पाऊस लागला की ओढ्यांनी वाटा सोडल्या.

त्या रात्री माझा काढलेला कांदा अर्धा रानात होता. मी, घरची, दोन गडी, ताडपत्र्या ओढत होतो. वीज गेलेली. टेलच्या म्हाताऱ्याचा मुलगा न बोलावता आला आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. म्हातारा गेल्या साली गेला. आम्ही काही बोललो नाही, बोलायला उसंतही नव्हती.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. भाचा.

"मामा, इकडं धो धो पडतोय. घाण पाणी बाहेर सोडलं, आता पाईप विहिरीकडं फिरवलाय. आवाज ऐका."

त्यानं फोन जाळीपाशी धरला असावा. माझ्याकडं ताडपत्रीवर पाऊस वाजत होता, तरी त्याच्या मागचा तो खोल, घुमणारा आवाज मला ऐकू आला. विहिरीत पाणी पडतं तेव्हाचाच तो.

"आक्का काय करते?" मी विचारलं.

"खिडकीत बसलीय. म्हणते, मामाला विचार, हे पाणी शिळं होतं का."

मला हसू आलं. मग मी विचारलं, "बैठकीत ठरलं का, विहिरीचं पाणी वापरायचं कुणी? शेजारच्यांना द्यायचं का?"

"नाही मामा. ते अजून ठरलं नाही. त्यावरनं कालच दोघांची भांडणं झाली."

म्हाताऱ्याच्या पोरानं ताडपत्री ओढली. मी फोन ठेवला आणि माझं टोक धरलं.